पाण्यात थांबायचं नसतं

१ सप्टेंबर, सोमवार

आज जालन्यात दाखल झालो. साताऱ्याकडच्या पठारावर पवनचक्क्यांच्या कामावर सात वर्षं फोर-बाय-फोर चालवली, तिथल्या वाऱ्याला कंटाळलो आणि बियाण्याच्या कंपनीत ड्रायव्हर-कम-ट्रेनर म्हणून आलो. माझ्या हाताखाली पाच ड्रायव्हर. त्यांना चिखलातून, ओढ्यातून गाडी सुखरूप कशी काढायची ते शिकवायचं आणि स्वतः जाफराबादकडचे प्लॉट सांभाळायचे. मी उदगीरकडचा, म्हणजे मराठवाड्याचाच, पण जालन्यात आयुष्यात पहिल्यांदा उतरलो.

खोली मस्तगडात मिळाली. घरमालकीण अजीजुन्निसाखाला खाली शिलाईचं मशीन चालवतात. वरच्या खोलीची किल्ली देताना त्यांनी एकच अट घातली: बूट दाराबाहेर, फर्श एकदम कोरडा रहना. नियम सांगणारी माणसं मला आवडतात, कारण मी स्वतः त्याच पठडीतला.

ऑफिसातून ही डायरी मिळाली, मुखपृष्ठावर कापसाचं बोंड. फील्ड सुपरवायझर तातेराव म्हणाले, रोजचे किलोमीटर लिव्हत जा उस्ताद. किलोमीटर गाडी स्वतःच मोजते, म्हणून मी इथे बाकीचं लिहायचं ठरवलंय. चांगली सुरुवात झाली. खालांनी वर चहाही पाठवला.

३ सप्टेंबर

आज ड्रायव्हरांची पहिली शाळा. इथल्या काळ्या मातीनं मला पहिल्याच दिवशी स्वतःची ओळख करून दिली. पठारावरचा दगड निदान समोरून भांडतो, ही माती गोड बोलून टायरला मिठी मारते आणि सोडत नाही. बांधापाशी थांबून मी चारही टायरची हवा निम्म्यावर आणली तेव्हा पोरं गालातल्या गालात हसत होती. मग त्यांच्यातल्या सर्वांत हुशाराला पूर्ण हवेनिशी आत घालायला सांगितलं. तो वीस पावलांवर रुतला. मी निम्म्या हवेवर, चारही चाकांना हळू पण जोरकस ओढ देणाऱ्या फोर-लोमध्ये, दुसऱ्या गिअरवर, क्लचला पाय न लावता त्याच्या शेजारून गेलो आणि परत आलो. हसणं बंद.

स्टिअरिंगच्या आत अंगठा घालू नका, चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग उलटं फिरून अंगठा मोडतं, हेही सांगितलं. पाण्याचे नियम मात्र तीनदा म्हणून घेतले. ओढा आधी पायी चालून बघायचा, आणि तो ड्रायव्हरनं स्वतः. गाडी ज्याची, पाय त्याचे. खूण करायला दुसरा माणूस पुढे गेला असेल, तर तो पलीकडे पोचून काठी वर करेपर्यंत चाक पाण्यात घालायचं नाही. काठी उभी धरली की ये, डोक्यावर आडवी धरली की थांब. आणि एकदा पाण्यात शिरलो की एकसारखा रेस ठेवायचा, पाण्यात थांबायचं नसतं. थांबलात की चाकाखालची वाळू निघून जाते, इंजिनात पाणी शिरतं, आणि मग गाडी आणि अब्रू दोन्ही बैलांनी ओढून काढावी लागते.

तातेराव म्हणाले, उस्ताद, तुम्ही तर मास्तरच निघाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

६ सप्टेंबर

टेंभुर्णीजवळच्या ओढ्यावरून आता रोजच जाणं आहे. पलीकडच्या वस्तीवर कपाशीच्या बियाण्याचा मोठा प्लॉट आहे. तिथल्या बाया दुपारी कळ्या सोलून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना नर फुलांचा पराग लावतात. एकेक फूल झालं की देठाला लाल दोरा बांधायचा, म्हणजे हे झालं अशी खूण. पण पलीकडची नराची झाडं पाणी साचून सडली. म्हणून फुलं ओढ्याच्या अलीकडच्या शेतातून तोडून गाडीनं पोचवायची. साडेनऊच्या आत पोचली पाहिजेत. ऊन चढलं की पराग मरतो आणि आदल्या दिवशी तीस बायांनी सोललेल्या कळ्या फुकट जातात.

फुलांच्या पाट्या ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन गाडीत बसतात त्या बेबीनंदाताई. बायांच्या मुकादम, साडीवर लांब हिरव्या बाह्यांचा शर्ट. चाळिशी ओलांडलेल्या, नवरा जाऊन सात वर्षं झालेली, मुलगी मोनाली जालन्यात नर्सिंगला. पहिल्याच दिवशी जय भीम घालून त्यांनी माझं गाव, आडनाव, मामाचं गाव सगळं काढून घेतलं आणि दहा मिनिटांत मी त्यांच्या चुलत जावेच्या माहेरचा निघालो. येत्या रविवारी जेवायला या म्हणाल्या, दादा, हाटेलात खाऊन पोट बिघडून घेऊ राह्यले तुम्ही.

पाणी मोजायच्या माझ्या काठीवरच्या चिकटपट्ट्या निघाल्या होत्या. बेबीताईंनी कमरेची दोऱ्याची गुंडी काढून तीन जागी लाल दोरा बांधून दिला. घोटा, गुडघा, मांडी. वरच्या दोऱ्याच्या वर पाणी गेलं की मंग सीधं माघारी, दादा. फुलं गेली उडत. असं त्या म्हणाल्या. मी त्यांना काठीच्या खुणाही शिकवल्या. सात वर्षांत असा समजूतदार प्रवासी मला मिळाला नव्हता.

९ सप्टेंबर

रात्री वरच्या अंगाला पाऊस झाला होता. ओढ्याला पाणी, पण गुडघ्याच्या दोऱ्याखाली. नियमाप्रमाणे मी स्वतः पायी चालून पाहिलं, परत आलो, मग गाडी घातली. पार झाली. फुलं नऊ वीसला पोचली.

बेबीताईंच्या अंगात कणकण होती. त्या ओढ्याच्या अलीकडेच उतरल्या आणि टेंभुर्णीच्या रस्त्याला दवाखान्याकडे निघाल्या. काठी पाण्यात वाहून गेली.

बाकी विशेष नाही.

१० सप्टेंबर

बेबीताई काल घरी पोचल्या नाहीत. तातेरावांनी विचारलं, मी होतं ते सांगितलं. दवाखान्यात कुणी पाहिलं नाही म्हणे. फोन लागत नाही. जालन्याला मुलीकडे गेल्या असतील, असं मीच म्हणालो.

सकाळी उठलो तेव्हा दोन्ही पाय घोट्यापर्यंत ओले होते. पांघरूण कोरडं, गादी कोरडी. घाम असेल. पुसले, पण थोड्या वेळानं पुन्हा ओले झाले. बोटांच्या बेचक्यात बारीक रेती होती.

१२ सप्टेंबर

आज मोनाली प्लॉटवर आली. आईचाच चेहरा, आईसारखीच थेट डोळ्यांत बघते. शेवटचं आई काय बोलली ते तिनं विचारलं. मी म्हणालो, कणकण आहे म्हणाल्या. तिनं मान हलवली. म्हणाली, दादा, आई दवाखान्यात मला फोन केल्याबिगर कधीच गेली न्हाई, साधं खोकल्याचं औषध बी मला इचारून घेती. मग तिनं माझ्यापुढे हात जोडले. काही आठवलं तर सांगा, कसं बी असू द्या, मला ऐकायचंय.

ती वळल्यावर दोन माणसं कुजबुजली. मुकादमीण कुणातरी ट्रकवाल्याबरोबर गेली म्हणे. मोनालीनं ऐकलं. परत फिरली आणि त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, तोंडावर बोला. ते पाट्या उचलून चालते झाले. मी टायरची हवा बघत राहिलो. मला त्यांच्या मुस्काटात मारता आली असती. पण मी कोणत्या तोंडानं मारणार होतो?

संध्याकाळी गाडी धुवायला घेतली तर सीटच्या मागे काठी होती. तीच, माझ्या हातानं तासलेली. ओली. मी टायरचे पाने, दोर, फावडं रोज मोजून ठेवतो. काल ती तिथे नव्हती. काठीवर दोरे चार आहेत. चौथा कमरेच्या उंचीला, ताजा, त्याच गाठीचा.

१४ सप्टेंबर

पाणी आता गुडघ्यापर्यंत येतं. पाणी म्हणजे ओल. झोपेतून उठतो तो पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला, वर एक सरळ मातकट रेघ, भिंतीवर पूर ओसरल्यावर राहते तशी. दिवसभर पँट बदलतो. तासाभरात रेघ पुन्हा तिथेच.

खालांना समजलंच. वरच्या खोलीतून त्यांच्या कापडाच्या गठ्ठ्यावर पाणी टपकलं. त्या फडकं घेऊन वर आल्या, माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाल्या, बेटा, नळ तो बंद है, ये पानी तुम्हारे साथ आ रा. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी भोकरदन रस्त्यानं येत होतो. कडक ऊन, कोरडी डांबरी. गाडीपुढे दहा पावलांवर एक बाई चालत होती. पाठमोरी. हिरव्या बाह्या, खोचलेला पदर, उजव्या हातात काठी टेकत, पाण्यातून चालताना टाकतात तसं एकेक पाऊल उचलून. मी करकचून ब्रेक मारला. मागची बस हॉर्न वाजवत बाजूनं गेली, तिच्या अंगावरून गेली. ती तशीच होती. मी रेस दिला की ती दहा पावलं पुढे. मी थांबलो की तीही थांबते, पण वळत नाही.

काठी वर होईपर्यंत जायचं नसतं. चाळीस मिनिटं मी तिथेच उभा होतो.

१६ सप्टेंबर

पोलिसांनी जबाब घेतला. मी सही केली. अक्षर चांगलं आलं.

घरी येऊन हे पान उघडलं आणि मागचं वाचलं. ९ तारखेचं पान पूर्ण खरं नाही. इथे तरी खरं लिहायला हवं.

बेबीताई अलीकडे उतरल्या नव्हत्या. काठी घेऊन पायी त्या पुढे गेल्या. मी नाही. पण त्या व्यवस्थित पलीकडे पोचल्या होत्या. काठी उभी धरून त्यांनी मला बोलावलं. मगच मी गाडी घातली. त्यानंतर पाय घसरून त्या पडल्या असाव्यात. मी समोर बघत होतो.

आता बरं वाटतंय. आज झोप लागेल.

१७ सप्टेंबर

झोप लागली नाही. ओल मांडीपर्यंत, वरच्या दोऱ्याला. काठीवर पाचवा दोरा आलाय. छातीच्या उंचीला.

त्या का गेल्या आणि मी का नाही, तेही लिहितो. आदल्या संध्याकाळी मी मस्तगडच्या दुकानातून नवे बूट घेतले होते. तपकिरी, चामड्याचे. ओढ्याशी थांबलो, बूट काढायला वाकलो, नाड्या घट्ट होत्या आणि घड्याळात नऊ पाच झाले होते. बेबीताईंनी पाट्या सीटवर ठेवल्या. म्हणाल्या, राहू द्या दादा, नवीन आहेत, मी जाते, माझ्या पायाला या वढ्याची सवय आहे. मी हो म्हणालो. पोरांकडून तीनदा म्हणून घेतलं होतं, गाडी ज्याची पाय त्याचे. आणि मी हो म्हणालो, बुटांसाठी.

बूट अजून नवेच आहेत. आतून ओले, बाहेरून नवे.

मोनालीचा फोन आला होता. तिनं जालना, देऊळगावराजा, संभाजीनगर सगळे बसस्टँड पालथे घातले. आईचा फोटो दाखवत फिरते. लोक फोटो बघतात आणि हसतात म्हणे. माझ्यामुळे हसतात. ओढ्यात कुणी शोधलंच नाही, कारण मी सांगितलं होतं की ताई ओढ्यात उतरल्याच नव्हत्या.

सांगायला तोंड उघडलं. तोंडात रेती आली. मी फोन ठेवला.

१८ सप्टेंबर

गाडी चालवत नाही. तातेरावांना ताप आहे म्हणून कळवलं. ओल कमरेपर्यंत.

ती आता खोलीत आहे. दाराकडे तोंड करून उभी. पाठमोरी. काठी खाली.

खाला जिन्यातून बोलल्या. त्यांना ती दिसत नाही, पण पाण्याचा आवाज येतो म्हणाल्या. बेटा, जो दिल में है वो बोल डालो, नईं तो ये पानी मेरे घर में भी चढेगा. त्यांना काय कळलंय, किती कळलंय, कोण जाणे.

१६ तारखेचं पानही खोटं आहे. त्या पोचल्या नव्हत्या.

पंचवीस पावलांचा ओढा. त्या मध्यावर होत्या, पाणी गुडघ्याखाली. मला वाटलं, एवढं उथळ आहे, कशाला थांबायचं. नऊ बारा झाले होते. काठी वर व्हायच्या आधी मी चाक घातलं. फोर-लो, दुसरा गिअर, एकसारखा रेस. गाडीपुढे लाट उठली, उठायला हवी तशी. छान लाट होती. मला अभिमान वाटला.

मग त्या वळल्या. दोन्ही हातांनी काठी डोक्यावर धरली.

आडवी.

मी पाहिली. स्पष्ट पाहिली. मीच शिकवलेली खूण. दहा पावलांवर होत्या. ओरडत होत्या, थांबा दादा, खड्डा हाय, थांबा.

मी थांबलो नाही. पाण्यात थांबायचं

नंतर लिहितो.

१९ सप्टेंबर

ओल छातीला. श्वास जड.

पाण्यात थांबायचं नसतं, हेच डोक्यात होतं. माणूस बाजूला होईल, गाडी होणार नाही. पाय रेसवर तसाच ठेवला. लाट त्यांच्या मांड्यांवर आली, त्या मागे त्याच खड्ड्यात गेल्या. मी स्टिअरिंग डावीकडे घेतलं, खड्डा चुकवला, गाडी पार.

खड्डा मला चुकवता आला, कारण त्या तिथे उभ्या होत्या. त्या स्वतःसाठी ओरडत नव्हत्या. गाडी खड्ड्यात जाईल म्हणून मला वाचवत होत्या.

पलीकडे जाऊन मी काय केलं? ब्रेक तीनदा दाबून सुकवले. नियम आहे. मग आरशात बघितलं. काठी एकटीच वाहत होती. उतरलो, हाका मारल्या, पाण्याच्या कडेपर्यंत गेलो. कडेपर्यंतच. बूट घातलेले होते.

मग फुलं पोचवली. नऊ वीसला. तातेरावांनी पाठ थोपटली.

ती आता बिछान्याच्या पायथ्याशी. पाठमोरी. दोरे सहा. सहावा गळ्याला.

२० सप्टेंबर, सकाळ, ओढ्यावर

गाडी काठावर उभी. इंजिन बंद. हँडब्रेक वर. पहिल्या गिअरमध्ये. किल्ली डॅशबोर्डवर, माझ्या डोळ्यांसमोर. सगळं तपासलं.

मोनालीला मेसेज पाठवला. सगळं लिहिलं. एकच टिक आहे. इथे रेंज नसते. म्हणून इथेही लिहितो, वाचेल त्यानं तिला सांगावं —

१० तारखेला मी बंधाऱ्यावर गेलो होतो. तेही लपवलं होतं. ओढ्याच्या खालच्या अंगाला बंधारा आहे, त्याच्या तिसऱ्या दारात फळ्यांखाली हिरवी बाही दिसली. दोऱ्याची गुंडी फळीला अडकली होती, लाल दोरा पाण्यावर लांबच लांब. मी बघितलं आणि गाडीत बसून परत आलो. तिसरं दार. टेंभुर्णीकडून मोजायचं. ती कुणाबरोबर गेली नाही. ती तिथेच आहे. मोनाली, तुझी आई तिथेच आहे —

ओल गळ्यापर्यंत. डायरी स्टिअरिंगवर टेकवून, हात उंच धरून लिहितोय.

ती समोर आहे. ओढ्याच्या मध्यावर, त्याच जागी. पाठमोरी. काठी खाली. मी लिहिलं ताई. सगळं लिहिलं. आता तरी —

वळली.

अकरा दिवसांनी तोंड बघतोय. रागावलेली नाही. घाबरलेली आहे. तेव्हा होती तशीच, माझ्यासाठी.

काठी वर —

आडवी.

थांब म्हणते. कशाला थांब, मी उभाच आहे ताई, इंजिन बंद —

काच खालून ओली. बॉनेटपुढे लाट आहे. छान, एकसारखी.

गाडी पाण्यात आहे. मी चालू केली नव्हती. किल्ली समोरच आहे. ब्रेक दाबतोय, पाय दिसत नाही, ब्रेक लागत नाही, ती थांब म्हणते, दोन्ही हातांनी, थांबा दादा, मी थांबतोय ताई, या वेळी खरंच थांबतोय, पण पाण्यात थां